दिन्या कंपनीत हाय

ऐरणीभोवती दिवसभर काळ्या खपल्या पडत असतात. तापलेल्या लोखंडावर घण बसला की वरचा पापुद्रा सुटतो आणि खाली सांडतो. संध्याकाळी झाडून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. आमच्या शेडमधल्या किश्शांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. काम चालू असतं आणि ते पडत राहतात.

धार लावायला आलेली माणसं बाहेरच्या फळीवर बसतात. त्यांना वेळ घालवायचा असतो. मग "दिनेश, तो पोलिसांचा सांग ना" अशी फर्माईश होते. मी सांगतो, माणसं पोट धरून हसतात, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर यातल्या प्रत्येक किश्शाच्या शेवटी मी मान खाली घालून उभा असतो, आणि त्या वेळी मला अजिबात हसू आलेलं नसतं.

आधी ओळख करून देतो. महाडहून पोलादपूरकडे निघालं की हायवे सोडून थोडं आत आमचं गाव. मी आयटीआय केलेला फिटर. महाडला एमआयडीसीत एका कंपनीत होतो, ती बंद पडली. गावात बाळूदादा लोहार, त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या भाता. त्यांच्याकडे मी आधी नुसता बसायला जायचो. मग भाता मारायला लागलो, मग घण धरला, आणि एक दिवस ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून एक सुरी घडवली. ती हातात घेतली आणि नोकरी शोधायचं राहूनच गेलं. आता आमच्या शेताच्या कडेला, रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. मी आणि बाळूदादा तिथे हाताने सुऱ्या घडवतो. मुंबई-पुण्याची माणसं मोबाइलवर फोटो बघून मागवतात. घर चालतं.

गावाला हे सगळं माहीत आहे. मान्य नव्हतं ते फक्त आईला. आमचं घर शेतीचं. वडील गेल्यावर तिने मला शिकवलं ते मी शर्ट इन करून कंपनीत जावं म्हणून. "शिकवला शिकवला, आनि काला करून घेतला," असं ती एकदा बाळूदादांसमोरच म्हणाली. बाळूदादा चहा पीत राहिले. ज्या माणसाच्या विद्येवर आमची चूल पेटते त्याच्याच तोंडावर त्याचं काम हलकं ठरवलं जात होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

गावाबाहेरच्या कोणीही विचारलं, "मुलगा काय करतो?" की आईचं उत्तर ठरलेलं. "दिन्या कंपनीत हाय." कंपनी बंद होऊन तिच्या गेटवर वेली चढल्या, तरी आईच्या तोंडी ती तिन्ही शिफ्टमध्ये चालू होती.

* * *

गणपतीला बोरिवलीचे काका आले होते. वडिलांचे चुलतभाऊ. वर्षातून एकदा येतात आणि अख्ख्या गावाची चौकशी एकदमच करून घेतात. आरती झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. कितीही घासले तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात.

"काय रे, हाताला काय लागलंय?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मशीनचं ऑइल हाय ते. कंपनीत असतो ना."

"कुठली कंपनी?"

"स्टीलची," आई म्हणाली, आणि रस्त्याच्या दिशेने मोघम हात केला. "तिकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये होतो. डोक्याला फडकं, डोळ्यांवर गॉगल, नाकाला रुमाल, आणि उरलेला चेहरा कोळशाने काळा. बघतो तर दारात काका. एका हातात स्वतःच्या मुलाचा बायोडेटा घातलेली प्लास्टिकची फाइल, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स.

"साहेब कुठं बसतात हो?" त्यांनी मलाच विचारलं. अहो-जाहो करून!

माझा हात भात्यावर तसाच राहिला. रुमाल काढावा तर आईचं खोटं उघडं पडणार, तेही ऐन गणपतीत. बाळूदादा ऐरणीवरून मान वर न करता म्हणाले, "साहेब जेवायला गेलेत."

"इतक्या सकाळी?"

"मोठं साहेब हायत."

काकांना ते पटलं. फाइल आणि पेढे त्यांनी माझ्या हातात दिले. "साहेबांना द्या. आणि आमचा पुतण्या आहे इथं, दिनेश नावाचा, त्याला बोलू नका. उगाच त्याच्यावर दडपण नको."

पेढे बाळूदादांनी खाल्ले. माझ्या घशाखाली काही ते उतरले नाहीत. काकांच्या मुलाला खरोखरच नोकरी हवी होती. ती फाइल अजून माझ्या कपाटात आहे, फेकायचा धीर होत नाही.

काका त्यानंतर दर गणपतीत आईला विचारायचे, "वहिनी, दिनेशचे साहेब फार घमेंडी आहेत का? काही कळवलंच नाही त्यांनी."

आई म्हणायची, "मानूस चांगला हाय. पन कामात असतो."

* * *

हिरकणीवाडीला गडाच्या रोपवेपाशी एका ओळखीच्या माणसाचा स्टॉल आहे. ताक, कैरी, टोप्या, आणि एका कोपऱ्यात माझ्या सुऱ्या. त्या हलत नव्हत्या. म्हणून एका रविवारी मी स्वतःच जाऊन उभा राहिलो.

पुण्याचं एक जोडपं आलं. बाईंनी सुरी उचलली, उन्हात धरली, पात्यावरून बोट फिरवलं. पातं आरशासारखं करायला मी जीव टाकला होता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ही हँडमेड नाहीये. फार क्लीन आहे. मशीनची असणार." आणि टोपी घेऊन गेल्या.

स्टॉलवाला म्हणाला, "दादा, जरा ठोकून आन. लोकांना ठोकलेलं दिसाया पायजे."

मी सगळ्या सुऱ्या परत आणल्या. बाळूदादा जेवायला घरी गेले होते ती वेळ साधली. गोल तोंडाचा हातोडा घेतला आणि घासून-पुसून तयार झालेल्या पात्यांवर एकेक खड्डा पाडत बसलो. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, मान वर केली तर बाळूदादा समोर उभे.

"काय करतंस?"

"ठोके उमटवतोय. हातानं केलेली दिसावी म्हणून."

त्यांनी एक सुरी उचलली, उलटीपालटी करून बघितली.

"मंग आदी काय पायानं केली व्हतीस?"

त्या खड्ड्यांच्या सुऱ्या पुढच्या रविवारी सगळ्या खपल्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता ऑर्डरच तशा येतात, आणि मी त्या करतो. करताना बाळूदादांकडे पाठ करून बसतो.

* * *

आमच्याकडची एकही बाई माझी सुरी वापरत नव्हती. सगळ्यांचा जीव विळीवर. मी ठरवलं की सुरुवात बाजारापासून करायची. महाडच्या बाजारात तुडीलची पारूबाई खाडीची मासळी घेऊन बसते. तिने सुरी घेतली की बाकीच्या आपोआप घेतील, असा माझा हिशेब.

पारूबाईने सुरी हातात घेतली, एका माशाचं डोकं उडवलं. "धार बरी हाय," ती म्हणाली. "पन पाय कुठं ठेवायचा?"

विळी पायाखाली दाबून धरतात, दोन्ही हात मोकळे राहतात. हा विचार मी केलाच नव्हता. मी म्हटलं, "हिला पाय लागत नाही. हातात धरायची."

"माजा एक हात हिच्यात अडाकला. मंग मासा कोन धरनार? तू?"

धंद्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, "धरतो."

सकाळभर मी तिच्या टोपलीपाशी उकिडवा बसून मासे धरत होतो आणि ती माझ्या सुरीने सपासप कापत होती. गिऱ्हाइकं मला सांगत होती, "शेपटी वेगळी ठेव," "खवलं नीट काढ." एका बाईने तर मला पिशवी धरायला लावली. माझ्या वर्गातले दोघेजण समोरून गेले, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मीही तेच केलं.

मासळी संपली. पारूबाईने सुरी धुतली, पुसली, माझ्यापुढे ठेवली.

"चांगली हाय रे. पन तुला रोज यावं लागंल."

महाडची मावशी तेव्हा बाजारात होती. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्या अंगाला मासळीचा वास. ती वर न बघता म्हणाली, "सांगितलं मी तिला, कंपनीला आज सुट्टी व्हती."

* * *

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातला शेफ गाडी काढून स्वतः सुरी न्यायला आला. असं गिऱ्हाईक आमच्याकडे पहिलंच. शेड झाडून काढली, खुर्ची मांडली, आईला चहा पाठवायला सांगितलं.

आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. दिली की त्या दोन माणसांत भांडण होतं म्हणतात. देणाऱ्याने खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. मी सवयीने सुरी गोणपाटावर ठेवली. शेफने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"पडली तुमची," तो म्हणाला. वाकून उचलली आणि मला देऊ लागला.

मी हातात कशी घेणार? मी नुसताच बघत राहिलो. त्याने ती खुर्चीवर ठेवली. मी उचलली, पुन्हा गोणपाटावर ठेवली. त्याने पुन्हा उचलून मला देऊ केली. आता तो माझ्याकडे जरा संशयाने बघायला लागला होता. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"भांडान नको म्हनून खाली ठेवतो तो," ती म्हणाली. "तुमी उचला आनि ठेवून घ्या."

शेफला हे फार आवडलं. त्याने मोबाइल काढला, व्हिडिओ सुरू केला, आईला पुन्हा तेच बोलायला लावलं. ती छान बोलली. मग त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्या आई का?"

आईने मोबाइलकडे बघितलं. हा व्हिडिओ कुठेकुठे जाईल ते तिला बरोबर कळलं असणार.

"नाय," ती म्हणाली. "मी शेजारची."

आणि कप उचलून घरी गेली. मी त्यावर तिला कधी काही विचारलं नाही. काय विचारणार? पण तेवढं मला कुठल्याच गिऱ्हाइकाचं बोलणं लागलं नाही.

तो व्हिडिओ अजून आहे. खाली लोकांनी लिहिलंय, "शेजार असावा तर असा."

* * *

आता पोलिसांचा. निवडणुकीचे दिवस, महाडच्या अलीकडे नाकाबंदी. मी बाइकवरून कुरिअरला निघालो होतो, पाठीवर सॅक.

"ह्यात काय आहे?"

"सुऱ्या."

"कशाला?"

"विकायला. मी बनवतो."

जितकं खरं बोलत होतो तितका मी अडकत होतो. मला बाजूला बसवलं. ऊन मी म्हणत होतं आणि येणारी-जाणारी गाडी वेग कमी करून मला बघून जात होती. साहेब म्हणाले, "घरचा नंबर सांग." त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकरवर टाकला.

त्या दिवसांत माझ्या भाच्याचं, अमोलचं लग्न जुळत होतं. फोनवर अनोळखी, भारदस्त आवाज ऐकल्यावर आईला वाटलं, मुलीकडची माणसं चौकशी करतायत. तिने आवाज गोड केला.

"तुमचा मुलगा दिनेश काय करतो?" साहेबांनी विचारलं.

"तो ना, कंपनीत हाय. चांगली पोस्ट हाय त्याला."

"सुऱ्या बनवतो का?"

"छे छे. आमच्या घरात सुरीला कोन हात लावत नाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. फोन बंद झाल्यावर मी हात जोडून म्हटलं की एक फोन बाळूदादांना लावू द्या. बाळूदादांना मी एवढंच सांगितलं, "मी सुऱ्या बनवतो हे येऊन सांगा, यांना पुरावा पाहिजे."

बाळूदादा टेम्पोत बसून आले. येताना पुरावा म्हणून हातभर लांब कोयता घेऊन आले. नाकाबंदीवर! टेम्पोतून उतरले, सरळ साहेबांपुढे गेले आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तो कोयता त्यांच्या पायाशी जमिनीवर ठेवला. साहेबांना वाटलं, म्हातारा हत्यार टाकून शरण आलाय.

"बगा साहेब," बाळूदादा म्हणाले, "ह्यो ह्याच्याच हातचा."

साहेबांनी कोयता उचलला. पात्यावर अंगठा हळूच फिरवला. मग त्यांनी आम्हाला दोघांनाही जायला सांगितलं. मी बाइकला किक मारत होतो तेव्हा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आईशी एकदा बोलून घ्या."

* * *

मी काही बोललो नाही. बोलणार होतो, पण मध्ये खंडेनवमी आली.

त्या दिवशी भाता थंड असतो. ऐरण, घण, हातोडे, चिमटे धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून आम्ही शेडमध्ये पूजा करतो. बाळूदादा ऐरणीला झेंडूची माळ घालतात आणि मग दिवसभर तिच्याकडे कौतुकाने बघत बसतात. मी शेडमधली पूजा उरकून घरी आलो. आईने घरातली मांडली होती. पाटावर नांगराचा फाळ, विळी, कोयता, मिक्सरचं भांडं, बाइकची चावी. आणि मधोमध, कुंकवाचं बोट लावलेलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलेलं माझं जुनं आयकार्ड. बंद पडलेल्या कंपनीचं. फोटोतला मी गोरा दिसत होतो.

"आई, हे काय?"

"ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा करायची असते."

"त्याच्यावर नाही भरत आता."

"म्हाईत हाय," आई म्हणाली. "नमस्कार कर."

मी केला. स्वतःच्याच फोटोपुढे डोकं टेकवणारा माणूस पंचक्रोशीत मी एकटाच असेन. डोकं वर करताना दिसलं, फोटोशेजारचा कोयता मी घडवलेला होता. तो घरात कधी आला, मला माहीत नाही. तिच्या लक्षात नसेल आलं, असं मी धरून चाललो.

* * *

अमोलचं लग्न शेवटी ठरलं. माझ्या ताईचा मुलगा, पोलादपूरला हॉल. आमच्याकडे हळद लागली की नवऱ्याने हातात कट्यार धरायची आणि तिच्या टोकाला लिंबू खोचायचं. दृष्ट लागू नये म्हणून. ही कट्यार सगळे मांडववाल्याकडून भाड्याने आणतात. पितळी मुठीची, चकचकीत आणि पूर्ण बोथट.

ताई म्हणाली, "मामा सुऱ्या करतो आणि भाच्यानं भाड्याची धरायची?"

आई म्हणाली, "भाड्याचीच बरी." मुलीकडची माणसं साखरपुड्यालाच मामा काय करतात ते विचारून गेली होती आणि आईने नेहमीचं उत्तर दिलं होतं. ताईने हट्ट सोडला नाही. शेवटी आईने अट घातली. "कर. पन कुनी केली ते कुनाला सांगायचं नाय."

मी कबूल झालो. कबूल होताना लाज वाटली, पण भाच्यासाठी करायला मिळतंय हेच मला खूप होतं.

बाळूदादांनी बजावलं होतं, "धार मारू नको. लग्नातली हाय, नुसती दिसाया."

"नाही मारत," मी म्हटलं. पातं घडवलं, पाणी दिलं, शिसवाची मूठ बसवली. सुरेख झाली. पण धार नसलेलं पातं माझ्या हातून खाली ठेववेना. शर्टाचं एक बटण उघडं राहिल्यासारखं वाटत होतं. जराशीच, म्हणून धारेच्या साणेवर धरली. आमच्या धंद्यात जराशी धार नसते.

हळदीलाच प्रकार सुरू झाला. ताईने टोकाला लिंबू खोचलं, ते पात्यावरून घसरत सरळ मुठीपर्यंत आलं. दुसरं खोचलं, तेही आलं. तिसऱ्याचे दोन तुकडे झाले. बायका कुजबुजायला लागल्या, "लिंबू टिकत नाय, काय हाय काय हे?" ताई निमूटपणे लिंबं बदलत राहिली. आचारी तेवढा खूश होता, त्याला सरबताला कापलेली लिंबं आयती मिळत होती. आई लांबून माझ्याकडे बघत होती. मी नजर टाळून पत्रावळ्या मोजत होतो.

लग्न लागायची वेळ झाली. मी मामा म्हणून अमोलच्या मागे उभा. बाळूदादा लांब दाराशी, हातात अक्षता घेऊन. मध्ये अंतरपाट, दोघांनी दोन टोकं ताणून धरलेली. पलीकडे नवरी. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, माणसं अक्षता टाकायला पुढे सरकली, मागून मला धक्का बसला आणि माझा अमोलला. तो पुढे झुकला. त्याचा कट्यारीचा हात अंतरपाटाला टेकला आणि खाली आला.

आवाजसुद्धा झाला नाही. अंतरपाट मधोमध उभा कापला गेला, आणि त्या फटीतून नवरी आमच्याकडे बघत होती.

भटजींचं "शुभमंगल" म्हणून झालं होतं. "सावधान" त्यांच्या तोंडातच राहिलं. बँडवाल्याने ढोलावर एक ठोका टाकला आणि तोही थांबला. वर उचललेल्या मुठी तशाच वर राहिल्या.

"अंतरपाट कापला," मुलीकडचा एक वडीलधारा माणूस म्हणाला. "असं कधी बघितलं नाय. कुनाची ही कट्यार?"

मांडववाला कुठूनसा पुढे आला. "माजी नाय हां. माज्याकडच्या कट्यारीनं लोनीपन कापत नाय."

सगळा हॉल अमोलकडे बघत होता. अमोल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. भाच्याचं लग्न माझ्या जराशा धारेपायी मोडतंय की काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला अट आठवली आणि खरं सांगायचं तर अट नसती तरी मी तेच बोललो असतो.

"भाड्याची हाय," मी म्हणालो. "महाडवरनं आनली."

इतकी वर्षं आई जे करत होती ते आता मी केलं. माझ्याच हाताचं काम मी सगळ्यांसमोर नाकारलं. बाळूदादा दाराशी उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"भाड्याची नाय ती."

बायकांच्या बाजूने आवाज आला. आई उठली होती. गर्दीने तिला वाट दिली.

"माज्या पोरानं केलीय," ती म्हणाली. "ह्या दिन्यानं."

बोरिवलीचे काका पहिल्या रांगेत होते. "वहिनी, पण दिनेश तर कंपनीत..."

"कंपनी कवाच बंद झाली," आई म्हणाली. "लोखंड तापवतो तो. त्या बाळूदादांच्या हाताखाली शिकला. सुऱ्या करतो." मग मुलीकडच्या त्या माणसाकडे वळली. "धार जरा जास्त झालीय, दादा. त्याच्या हाताला कमी येत नाय."

ती अमोलपाशी आली.

"अमोल, खाली ठेव ती."

अमोलने कट्यार पाटाशी जमिनीवर ठेवली. आईने वाकून उचलली, पदराने पुसली आणि पदरातच धरून उभी राहिली.

"तुमी का थांबलाव?" ती भटजींना म्हणाली. "म्हना फुडं."

भटजींनी कापलेल्या अंतरपाटाकडे बघितलं, आईच्या हातातल्या कट्यारीकडे बघितलं, आणि म्हणाले, "सावधान."